फ्लॅटवर पत्नीचं नाव लावायचं आहे: सोसायटीचा अर्ज, दुरुस्तीपत्र की बक्षीसपत्र?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यातला फ्लॅट २०१३ मध्ये तुमच्या एकट्याच्या नावावर घेतला. गृहकर्जाचे हप्ते अजून चालू आहेत. आता घरावर पत्नीचंही नाव हवं आहे. सोसायटीचे सचिव म्हणतात, अर्ज द्या, शेअर सर्टिफिकेटवर नाव चढवून देतो. ओळखीचा एजंट म्हणतो, चूक दुरुस्ती पत्र करू, स्वस्तात होईल. एका नातेवाइकाने बक्षीसपत्र सुचवलं आहे. घरात तुम्ही दोघं, दोन मुलं आणि तुमची आई.

बक्षीसपत्राचा सल्ला बरोबर आहे. बाकीच्या दोन मार्गांनी पत्नीचं नाव कागदावर दिसेल, पण मालकी एक इंचही सरकणार नाही. हे मी ठामपणे सांगतो, कारण या दोन मार्गांवर विसंबलेल्या बायका नवऱ्याच्या मागे कागदांची पिशवी घेऊन येतात आणि त्यांना तेव्हा कळतं की लाइट बिल, मालमत्ता कराची पावती, शेअर सर्टिफिकेट या सगळ्यांवर नाव असूनही त्या घराच्या मालक कधीच नव्हत्या.

आधी सोसायटीचं बघू. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमात २०१९ साली गृहनिर्माण संस्थांसाठी स्वतंत्र प्रकरण आलं. त्यात सहयोगी सभासद आणि संयुक्त सभासद यांच्या वेगळ्या व्याख्या आहेत. सभासदाच्या लेखी शिफारशीवरून त्याचे हक्क बजावायला जवळच्या नातेवाइकाला सहयोगी सभासद करता येतं. तो सर्वसाधारण सभेत बसेल, मत देईल. घरात त्याला हिस्सा मिळत नाही. संयुक्त सभासद व्हायचं तर मालमत्तेत हक्क असावा लागतो, आणि तो हक्क सोसायटीच्या ठरावाने तयार होत नाही. सचिव तुम्हाला फसवत आहेत असं मुळीच नाही. त्यांच्या हातात जेवढं आहे तेवढं ते द्यायला तयार आहेत, इतकंच. नामनिर्देशनाचंही तसंच. सभासदाच्या मृत्यूनंतर सोसायटीने भाग नामनिर्देशिताच्या नावे करायचे असतात, हे इंद्राणी वाही खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये स्पष्ट केलं; पण वारसांचा मालकीचा दावा त्याच निकालाने खुला ठेवला.

चूक दुरुस्ती पत्र मूळ दस्तात चूक झाली असेल तेव्हा करतात. सर्व्हे नंबर चुकला, क्षेत्रफळात आकडा उलटा पडला, नावाचं स्पेलिंग बिघडलं, तर हा दस्त योग्य. तुमच्या २०१३ च्या करारनाम्यात पत्नीचं नाव राहून गेलं नव्हतं. ती त्या व्यवहारात पक्षकारच नव्हती. नवा मालक आणणं ही दुरुस्ती नाही, ते हस्तांतरण आहे, आणि हस्तांतरणाचं मुद्रांक शुल्क टाळण्यासाठी दुसऱ्या नावाचा दस्त केला तर मुद्रांक जिल्हाधिकारी दस्ताचं नाव बघत नाहीत, त्यातला मजकूर बघतात. शुल्काची वसुली आणि दंड पुढे येऊ शकतो. शिवाय घर विकायला काढाल तेव्हा खरेदीदाराच्या बँकेचा वकील टायटल (मालकीची कागदपत्रं) तपासताना याच कागदावर बोट ठेवेल.

कोणी हक्कसोडपत्रही सुचवेल. तो दस्त सहमालकाच्या लाभात करायचा असतो: भावाने बहिणीच्या, बहिणीने भावाच्या. पत्नी आज सहमालक नाही, त्यामुळे तिच्या लाभात हक्क सोडायला जागाच नाही. उरतात दोन सरळ मार्ग: खरेदीखत आणि बक्षीसपत्र. खरेदीखतात तिने तुम्हाला खरी किंमत मोजायला हवी आणि पूर्ण मुद्रांक शुल्क भरायला हवं. तिच्याकडे स्वतःची कमाई असेल आणि तिला आयकराच्या दृष्टीनेही स्वतंत्र मालक व्हायचं असेल, तरच त्याचा विचार करा.

आता बक्षीसपत्र. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १२२ आणि १२३ मध्ये त्याचा गाभा आहे. मोबदला न घेता स्वेच्छेने दिलेलं, देणाऱ्याच्या हयातीत घेणाऱ्याने स्वीकारलेलं, नोंदणीकृत दस्ताने केलेलं, आणि किमान दोन साक्षीदारांनी साक्षांकित केलेलं. यातला एक पाय लंगडा असला तरी दस्त उभा राहत नाही. स्वीकाराबद्दल लोक फार निष्काळजी असतात. नवरा सही करतो, बायको घरी स्वयंपाकात. तसं करू नका. पत्नीला ‘लिहून घेणार’ (म्हणजे बक्षीस घेणारी) म्हणून दस्तावर सही करायला लावा, मजकुरात ‘हे बक्षीस मी स्वीकारले आहे’ असं वाक्य घाला, आणि नोंदणीच्या दिवशी तिला दुय्यम निबंधकांसमोर बरोबर न्या. दस्त तिने सहीआधी वाचलेला असावा. घर तिला मिळतंय. काय मिळतंय हे तिला माहीत असणं हा तिचा हक्क आहे.

हिस्सा किती, हे स्पष्ट लिहा. ‘पत्नीचे नाव समाविष्ट करीत आहे’ अशी वाक्यं मी दस्तांत पाहतो तेव्हा वाईट वाटतं, कारण दहा-पंधरा वर्षांनी त्या एका वाक्याचा अर्थ लावण्यात कोर्टात तारखा पडतात. ‘सदर सदनिकेतील माझ्या मालकीपैकी अविभक्त अर्धा हिस्सा’ असं लिहा. त्या हिश्श्याबरोबर सोसायटीतले भाग, ठेवी, पार्किंगचा हक्क आणि इमारतीचा पुनर्विकास झाल्यास मिळणारे लाभ त्याच प्रमाणात जातात, हेही लिहा. पुण्या-मुंबईत जुन्या इमारती पाडून नव्या उभ्या राहत आहेत आणि विकासकाशी करारनामा करताना कोणाची सही लागते, यावरून घरोघरी वाद होतात. मिळकतीचं वर्णन मूळ करारनाम्यातून आणि इंडेक्स टूवरून (नोंदणी कार्यालय देतं तो दस्ताचा गोषवारा) अक्षरशः उतरवा. सर्व्हे नंबर, सदनिका क्रमांक, चटई क्षेत्र, चतुःसीमा, काहीच स्वतःच्या आठवणीतून नको.

साक्षीदार निवडताना दस्तलेखकाच्या टेबलाजवळ उभा असलेला माणूस पकडू नका. तुमच्यापेक्षा वयाने लहान, ओळखीची, पुढे सापडतील अशी दोन माणसं घ्या. सज्ञान मुलं असतील तर त्यांना साक्षीदार करायला मी सांगतो. साक्षीदाराची सही म्हणजे मजकुराला संमती असं कायदा धरत नाही, पण ‘आम्हाला यातलं काही माहीतच नव्हतं’ असं नंतर म्हणणं अवघड होतं.

खर्चाबद्दल ‘दोनशे रुपयांत होतं’ हे तुम्ही ऐकलेलं अर्धं खरं आहे. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाच्या अनुसूचीतल्या अनुच्छेद ३४ मध्ये २०१५ साली सवलत आली: राहतं घर किंवा शेतजमीन पती, पत्नी, मुलगा, मुलगी, नातू, नात किंवा मृत मुलाची पत्नी यांना बक्षीस दिली तर मुद्रांक शुल्क २०० रुपये. दुकानाचा गाळा किंवा ऑफिस असेल तर ही सवलत नाही. पत्नीला दिलं तरी बाजारमूल्याच्या ३ टक्के. राहतं घर भावाला, बहिणीला किंवा आई-वडिलांना दिलं तरीही ३ टक्के. आणि २०० रुपयांच्या दस्तावरही महापालिका किंवा जिल्हा परिषद हद्दीतला अधिभार वेगळा असतो. समजा, तुमच्या फ्लॅटचं रेडी रेकनरप्रमाणे (सरकारी दरतक्त्याप्रमाणे) मूल्य ८० लाख आहे आणि तुम्ही अर्धा हिस्सा देताय. मोजणी ४० लाखांवर. अधिभार १ टक्का असेल तर ४०,००० रुपये, मेट्रोचा अधिभार धरून २ टक्के होत असेल तर ८०,०००. शिवाय नोंदणी फी, आणि दस्त हाताळणीचं पानामागे शुल्क. म्हणून दस्त टाइप करण्याआधी मूल्यांकन काढून घ्या आणि भरायची रक्कम दुय्यम निबंधक कार्यालयातून तपासून मगच चलन भरा. पैसे तिथे रोख द्यायचे नसतात. शुल्क आणि फी ‘ग्रास’ या शासनाच्या संकेतस्थळावर ऑनलाइन भरा, दस्ताचा तपशील नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर पब्लिक डेटा एन्ट्रीत भरा, वेळ घ्या, मग जा. सही झाल्यापासून चार महिन्यांत दस्त नोंदणीला सादर व्हायला हवा.

तुमच्या बाबतीत या सगळ्याच्या आधी बँक येते. मूळ करारनामा बँकेच्या तिजोरीत आहे. तो ठेवणं म्हणजेच तारण. कर्जाच्या करारात बँकेच्या लेखी परवानगीशिवाय मिळकत हस्तांतरित करणार नाही, असं कलम हमखास असतं. बँकेकडे अर्ज करा, ना हरकत पत्र घ्या. बहुतेक बँका पत्नीला सहकर्जदार व्हायला सांगतात आणि तारणाच्या कागदावर तिची सही घेतात. बक्षीसपत्रात कर्जाचा उल्लेख करा: कोणत्या बँकेचं, खातं कोणतं, आजची बाकी किती, पुढे कोण फेडणार. हिस्सा तिच्याकडे बोजासकट जातो. हे तिला आजच कळू द्या. सहकर्जदार झाल्यावर हप्ता थकला तर बँक तिच्याकडेही वळेल. कर्जाची दोन-तीन वर्षंच उरली असतील आणि घाई करायला काही कारण नसेल, तर कर्ज फेडून मूळ कागद हातात आल्यावर दस्त करणं सोपं, असं माझं मत आहे. मात्र तुमची तब्येत किंवा धंद्यातली जोखीम हे कारण असेल तर थांबू नका. त्याच दमात हेही सांगतो: घेणेकरी दारात उभे असताना घर पत्नीच्या नावे केलं, तर ते हस्तांतरण सावकारांना आव्हान देता येतं. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचं कलम ५३ त्यासाठीच आहे.

आयकराबद्दल गैरसमज सगळ्यात जास्त. पत्नी कायद्याने नातेवाईक, त्यामुळे बक्षीस मिळालं म्हणून तिला कर नाही. तुम्ही दिलंत म्हणून तुम्हाला भांडवली नफ्याचा कर नाही. इथपर्यंत छान. पण तो अर्धा भाग भाड्याने दिला तर भाडं तुमच्याच उत्पन्नात मोजलं जातं, कारण पुरेसा मोबदला न घेता पत्नीला घर दिलं तर त्या घराच्या उत्पन्नासाठी आयकर कायदा तुम्हालाच मालक समजतो. पुढे घर विकलं तर तिच्या हिश्श्यावरचा नफाही तुमच्याच खात्यात येतो, आणि तो मोजताना किंमत धरतात ती तुम्ही २०१३ मध्ये मोजलेली. १९६१ च्या कायद्यात हे कलम २७ आणि ६४ मध्ये होतं. २०२५ च्या नव्या कायद्यात क्रमांक बदलले, तत्त्व तेच राहिलं. तेव्हा कर वाचावा म्हणून हे करत असाल तर करू नका. पत्नीला घरात पक्की जागा मिळावी म्हणून करत असाल तर जरूर करा. त्यासाठी यासारखा दुसरा दस्त नाही.

आणि एकदा दिलं की दिलं. नोंदणी झालेलं, स्वीकारलेलं बक्षीस मनात आलं म्हणून परत घेता येत नाही. ते रद्द करायला मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम १२६ मधली कारणं लागतात: फसवणूक, जबरदस्ती, किंवा दस्तातच आधी ठरलेली आणि देणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून नसलेली एखादी अट. संसार बिनसला, वेगळं राहायची वेळ आली, तरी अर्धा हिस्सा तिचाच. काही पुरुष हे ऐकून दस्त मागे घेतात. मला त्यात त्यांचा दोष वाटत नाही. निदान जाणून निर्णय घेतात. पण ज्या बाईने पंधरा-वीस वर्षं ते घर चालवलं, जिच्या पगारातून किराणा आणि शाळेची फी भागली म्हणून तुमच्या पगारातून हप्ता जाऊ शकला, तिच्या हातात न फिरवता येणारा कागद असणं हे मला बक्षीसपत्राचं बलस्थानच वाटतं. शेतकरी संघटनेने चांदवडच्या १९८६ च्या महिला अधिवेशनानंतर लक्ष्मीमुक्तीची चळवळ चालवली, तेव्हा गावोगावच्या शेतकऱ्यांनी बायकांच्या नावे जमीन केली. शहरातल्या फ्लॅटबाबत ती हिंमत अजून कमी दिसते.

काही घरांसाठी वरचं सगळं जसंच्या तसं लागू होत नाही, म्हणून तुमच्यासारखाच प्रश्न असलेल्या इतरांसाठी लिहितो. घर वडिलोपार्जित, एकत्र कुटुंबाचं असेल आणि वाटप झालेलं नसेल, तर त्यातला अविभक्त हिस्सा इतर सहदायकांच्या (त्या मालमत्तेतल्या जन्मजात हिस्सेदारांच्या) संमतीशिवाय बक्षीस देता येत नाही. आधी वाटप, मग बाकीचं. सिडकोच्या भाडेपट्ट्यावरच्या जागेला सिडकोची, म्हाडाच्या घराला म्हाडाची आणि भोगवटादार वर्ग २ च्या (हस्तांतरणावर सरकारी बंधन असलेल्या) जमिनीला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आधी बघा. नवरा परदेशात असेल तर कुलमुखत्यारपत्र तिथल्या भारतीय वकिलातीतून साक्षांकित करून पाठवावं, आणि ते महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरावा. गोव्यात लग्न नोंदवलेल्या आणि वेगळा विवाहपूर्व करार नसलेल्या जोडप्यांचा तर प्रश्नच वेगळा: तिथल्या कायद्यात दोघांची मालमत्ता सामायिक धरली जाते आणि प्रत्येकाचा अर्धा वाटा असतो, त्यामुळे घर एकाच्या नावावर असलं तरी विकताना दुसऱ्याची सही लागते.

ज्यांनी अजून घर घेतलेलं नाही त्यांनी खरेदीच्या वेळीच नावं ठरवावीत. एवढं लक्षात असू द्या की महाराष्ट्रात महिला खरेदीदाराला मुद्रांक शुल्कात मिळणारी १ टक्क्याची सवलत घर फक्त महिलेच्या किंवा महिलांच्या नावे असेल तरच मिळते. नवरा-बायको दोघांची नावं घातली की ती जाते.

नोंदणी झाली की इंडेक्स टू आणि दस्ताची प्रत घेऊन सोसायटीत अर्ज द्या. आता पत्नी हक्काने संयुक्त सभासद होईल. आदर्श उपविधींप्रमाणे हस्तांतरण फी ५०० रुपये, प्रवेश फी १०० रुपये. कुटुंबातल्या सदस्याला हस्तांतरण असल्याने प्रीमियम लागत नाही; कोणी ‘इमारत निधी’ किंवा ‘स्वेच्छा देणगी’ म्हणून मागितला तर उपविधी दाखवून नम्रपणे नकार द्या. बक्षीसपत्र करण्याआधी सोसायटीचं ना हरकत पत्र घेण्याची सक्तीही उपविधींत नाही, थकबाकी मात्र शून्य ठेवा. मग महापालिकेच्या कर आकारणी विभागात आणि महावितरणकडे नाव लावा. ही दोन्ही कामं शेवटी करायची. मालकी आधीच मिळालेली आहे, इथे फक्त नोंदी जुळवायच्या.

आता तुमच्या आईंचा मुद्दा. तो तुम्ही शेवटच्या ओळीत लिहिलात, पण मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. संयुक्त नाव असलं की एकाच्या मागे घर आपोआप दुसऱ्याचं होतं, असं बरेच जण धरून चालतात. अमेरिकेत तशी संयुक्त मालकी दस्तात लिहून घेता येते, त्यामुळे तिकडे राहून आलेल्यांना तर ते गृहीतच वाटतं. आपल्याकडे साध्या बक्षीसपत्राने ते होत नाही. तुम्ही मृत्युपत्राशिवाय गेलात तर तुमचा उरलेला अर्धा हिस्सा हिंदू उत्तराधिकार अधिनियमाप्रमाणे पत्नी, दोन मुलं आणि आई या चौघांत सारखा वाटला जाईल. म्हणजे पत्नीकडे पूर्ण घराचा पाच अष्टमांश, मुलांकडे आणि आईंकडे प्रत्येकी एक अष्टमांश. आईंच्या मागे त्यांचा भाग त्यांच्या सगळ्या मुलांच्या शाखांकडे जाईल; तुमच्या भावा-बहिणींची नावं त्या घरात येतील. कोणी वाईट नसतं, पण घर विकायच्या वेळी सात-आठ सह्या गोळा करताना पत्नीचा जीव मेटाकुटीला येतो.

म्हणून बक्षीसपत्राबरोबरच दोघांनीही मृत्युपत्र करा. तुमच्या अर्ध्याचं तुम्ही, तिच्या अर्ध्याचं तिने. मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही, पण दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, आणि नोंदणी करून ठेवलेली बरी. आईंना शेवटपर्यंत त्या घरात राहण्याचा हक्क त्यात स्पष्ट लिहा, तुम्ही आधी गेलात तरी त्यांच्या राहण्याला धक्का लागू नये असा. आणि ते लिहिण्याआधी आईंशी आणि पत्नीशी एकत्र बसून बोला. बँकेचं पत्र हातात आलं की मूळ करारनाम्याची प्रत, इंडेक्स टू, शेअर सर्टिफिकेट, कर भरल्याची पावती, दोघांचं आधार आणि पॅन घेऊन वकिलाकडे जा, आणि बक्षीसपत्र व दोन्ही मृत्युपत्रं यांचे मसुदे एकाच बैठकीत तयार करून घ्या.